२८ रुपये नफा

आज सकाळी गिझरवाल्याला २३७२ रुपये जीपे केले आणि तेव्हापासून माझंच डोकं गिझर झालंय. लिहून टाकते, नाहीतर दिवसभर घरातल्यांवर निघेल.

झालं असं की गेल्या बुधवारी गिझरचं बटण टाकलं आणि अख्ख्या घराची लाइट गेली. परत वर केली, परत गेली. सकाळचे सात, सासूबाई बाथरूममध्ये अंधारात, "अगं काय झालं गं" चालू, मुलाचं कॉलेज, नवऱ्याची ८.१४ ची लोकल. आमचा नेहमीचा वायरमन धावत आला (तो येतो हो, पंधरा वर्षं आमचे पंखे तोच बघतो, वाईट माणूस नाही), बोर्ड उघडला आणि म्हणाला, "वहिनी, तुमचा ईएलसीबी लय सेन्सिटिव्ह आहे, डायरेक्ट करून देतो, दोनशे द्या." आणि माझा नवरा, इंजिनीअर माणूस, ८.१४ च्या नादात "कर बाबा" म्हणणार होता! मी मध्ये पडले. ईएलसीबी म्हणजे करंट कुठे गळला की लगेच लाइट तोडणारा स्विच. ज्या खोलीत ८१ वर्षांची बाई ओल्या अंगाने उभी असते तिथला ईएलसीबी काढायचा? दोनशे रुपयांत?

मग कंपनीत कॉल. "मॅडम, ४८ तासांत टेक्निशियन येईल." रविवारी आला. मोजा तुम्हीच. तोवर चार दिवस गॅसवर पातेलं, आणि ते उकळतं पातेलं सांडशीत धरून ओट्यापासून बाथरूमपर्यंत न्यायचं, वाटेत सगळ्यांनी भिंतीला चिकटून उभं राहायचं. मुंबईत कसली आलीय थंडी असं लिहायला येणाऱ्यांनी आधी आपल्या आईच्या गुडघ्यांना विचारून यावं.

आता तो टेक्निशियन मुलगा आला तेव्हा मी भांडायच्या तयारीतच होते. व्हिजिट आणि लेबर मिळून ५५०, एलिमेंट ९८०, मॅग्नेशियमचा रॉड ४२०, गॅस्केट ६०, वर १८ टक्के जीएसटी. पंधरा लिटरचा नवा गिझर सहा-सात हजारांत मिळत असताना दुरुस्तीला एवढे? मी त्याला सरळ म्हटलं, जुना पार्ट माझ्या हातात द्यायचा, पिशवीत घालून न्यायचा नाही. मला वाटलं कां-कूं करेल. तो म्हणाला, "ताई, तुम्ही बघाच."

आणि त्याने ते एलिमेंट बाहेर काढलं. मी फोटो टाकत नाहीये, कोणी जेवत असेल. तांब्याचा वळवलेला रॉड असतो ना, तो दिसतच नव्हता. पांढरट पिवळा खडबडीत थर, बोटाएवढा जाड, खाडीच्या खांबाला कालवं चिकटतात तसा. एका जागी तडकलेला. टाकीतून मागोमाग अंड्याच्या टरफलांसारख्या कपच्या पडल्या, आमचा आंघोळीचा मग अर्धा भरला. मॅग्नेशियमच्या रॉडची तर नुसती तार उरली होती. त्याने समजावलं ते इतकं सोपं होतं की मला माझीच लाज वाटली. पाण्यातले क्षार तापले की एलिमेंटवर बसतात, थर बसला की उष्णता पाण्यात नीट जात नाही, एलिमेंट आतल्या आत जास्त तापतं आणि फुटतं, फुटलं की करंट पाण्यात. म्हणजे ईएलसीबी सेन्सिटिव्ह वगैरे काही नव्हता, घरात खरं बोलणारा तोच एकटा होता. आणि तो मॅग्नेशियमचा रॉड असतोच मुळी स्वतः झिजायला, तो झिजतो म्हणून टाकीला गंज लागत नाही, तो संपला की मग टाकीचा नंबर. टाकी गळायला लागली की दुरुस्ती नाही, डायरेक्ट नवा गिझर. आमची थोडक्यात वाचली.

बरं, सहा वर्षांत मी एकदाही सर्व्हिसिंग केलं नाही, मान्य. पुढे.

मग त्याने खिशातून पाण्यातले क्षार मोजायचा पेनासारखा मीटर काढला, बाथरूमच्या नळाखाली मगात बुडवला. ८४०. म्हणाला, "बोअर मिक्स करता का? नुसत्या पालिकेच्या पाण्याला एवढा आकडा येत नाही." तिथे माझी ट्यूब पेटली. गेल्या वर्षी सोसायटीच्या एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, आपल्या (हो, आमच्या बिल्डिंगमधले बरेच जण इथे आहेत, वाचा) थोर कमिटीने ठरवलं की टँकरवर पैसे उडवायचे नाहीत, बोअरचं पाणी फक्त फ्लशला वापरतो ते आता वरच्या टाकीत सोडायचं. डिसेंबरपासून सुरू झालं. भातसा, तानसा, वैतरणाचं पावसाचं मऊ पाणी शंभरेक किलोमीटरवरून पाइपातून चारकोपपर्यंत आणायचं आणि शेवटच्या सात मजल्यांत त्यात खाडीकाठचं मचूळ पाणी ओतायचं, याला म्हणे काटकसर! केस पिंजर झाले तेव्हा मी शाम्पू बदलला. नळांवर पांढरे डाग आले तेव्हा बाईला बोलले. बिचारीला. आधी वीसेक मिनिटांत होणारं पाणी पाऊण तास घ्यायला लागलं तेव्हा म्हटलं गिझर म्हातारा झाला.

आता हिशोब ऐका. बोअरमुळे मेंटेनन्स महिन्याला २०० रुपयांनी कमी झाला. वर्षाचे २४००. माझा गिझर २३७२. निव्वळ नफा २८ रुपये! वाढलेलं लाइट बिल धरलेलं नाही हं. टेक्निशियन म्हणाला या बिल्डिंगमधला त्याचा या महिन्यातला हा चौथा कॉल. चौघंही घरात बसून कंपनीला शिव्या देत असणार, जशी मी देत होते. वॉरंटी कार्ड शोधून काढलं, बारीक अक्षरात लिहिलंय, क्षारामुळे झालेलं नुकसान धरणार नाही. कमिटीत कोणी वाचलं होतं का ते? मी तरी कुठे वाचलं होतं म्हणा.

टँकर मे महिन्यात अव्वाच्या सव्वा मागतात, हे खरं आहे. सेक्रेटरी काका फुकट राबतात, हेही खरं. पण मग फ्लशची लाइन वेगळी होती ती वेगळी ठेवायला काय झालं होतं?

त्या मुलाबद्दल मात्र लिहायलाच पाहिजे कारण मनात मी त्याला चोर म्हणून मोकळी झाले होते. आमचं बाथरूम म्हणजे काय, चार बाय सहा. रिनोव्हेशनच्या वेळी काँट्रॅक्टरने गिझरभोवती टाइल्सची अशी सुंदर पेटी करून दिली की आतला कॉक बंदच करता येत नाही, हात जात नाही. मग अख्ख्या लाइनचं पाणी गच्चीवरून बंद करा, त्यासाठी वॉचमनकडून चावी, वॉचमन चहाला गेलेला. वॉशिंग मशीनमुळे स्टूल मावत नाही, तर हा उलट्या बादलीवर एक पाय आणि कमोडच्या कडेवर एक पाय ठेवून, मान वाकडी करून, दीड तास. नालासोपाऱ्याहून आलेला, रविवारी, पाठीवर ती अवजारांची बॅग. त्या ५५० मधले त्याला किती मिळतात विचारलं तर नुसता हसला. चहा दिला तर आधी विचारतो, "बोअरच्या पाण्याचा नाही ना?"

आणि तरी, कॉल घेताना साधारण खर्च किती येईल ते सांगायला कंपनीला काय होतं? "टेक्निशियन बघून सांगेल" हे काय उत्तर आहे? हे मी माफ करणार नाही.

ते जुनं एलिमेंट मी टाकलेलं नाही. पेपरात गुंडाळून कणकेच्या डब्यामागे ठेवलंय. सासूबाई दोनदा म्हणाल्या, "ती घाण काढ गं ओट्यावरून." पुढच्या रविवारी अकरा वाजता मीटिंग आहे, तिथे अजेंड्याच्या कागदावरच ठेवणार आहे, कपच्यांच्या मगासकट. ए आणि बी विंगमधले ज्यांचे गिझर यंदा गेले त्यांनी आपापली एलिमेंटं भंगारवाल्याला देऊ नका प्लीज, घेऊन या.

थांबा, आई बाथरूममधून ओरडतायत, पाणी चटके देतंय म्हणून. तो मुलगा जाताना तीनदा सांगून गेला होता, थर्मोस्टॅट पन्नासवर आणा, जेवढं जास्त तापवाल तेवढा थर बसेल. विसरले. बादली कुठे गेली आता चढायला.