गोळ्या सोडा, लिहीत बसा?

‘नैराश्य आलंय? नोकरी सोडा, घरी बसून कंटेंट रायटिंग करा. ना साहेब, ना वेळेचं बंधन. मनातलं कागदावर उतरलं की गोळ्या आपोआप सुटतात.’ आमच्या बेळगावच्या ग्रुपांवर हा मेसेज सध्या जोरात फिरतोय. मी टिळकवाडीत हाच धंदा करते आणि मला बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी असा मनाचा आजार) आहे, म्हणून मुद्द्याला मुद्दा.

साहेब नाही, हे खरं. पगारी रजाही नाही.

‘ना वेळेचं बंधन’ हे मात्र फार घातक. बायपोलरमध्ये झोप मोडणं हे मॅनियाचं, म्हणजे त्या अति उत्साहाच्या काळाचं, लक्षण असतं आणि निमित्तही. रात्री दोनला डोकं पळत असतं तेव्हा माणूस पडेल त्या दराला होकार देतो, दहा लेख परवा देतो म्हणतो. मग उदासी येते आणि तेच दहा लेख छातीवर बसतात. म्हणून बंधन मीच घालून घेतलंय. रात्री नऊनंतर कुणाला दर सांगायचा नाही. निम्मे पैसे आगाऊ. हातातल्या प्रत्येक कामाची माहिती शहापूरच्या माझ्या जोडीदारणीकडे असते. कन्नड मजकूर एरवीही तीच बघते, माझे दिवस वाईट असले की मराठीही.

‘मनातलं कागदावर’? कुंद्याच्या, म्हणजे आमच्या बेळगावी मिठाईच्या, दुकानाच्या वेबसाइटसाठी लिहिताना मनातलं काय उतरणार? फार तर खवा. डायरी लिहून काहींना हलकं वाटतं, पण डायरीचं बिल कुणी भरत नाही.

आता गोळ्या. बायपोलरवरचं लिथियम हे औषध एकदम बंद केलं तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. कमी करायचं की नाही, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. शेवटच्या गोळीनंतर साधारण 12 तासांनी रक्त देऊन त्याची पातळी बघतात, शिवाय अधूनमधून थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी. आमच्या धंद्यात बसून बसून कंबर धरते. मेडिकलमधून आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी आणून खाल्ली, तर लिथियमची पातळी वाढून अंगावर येऊ शकते. असलं काही ते मेसेज फिरवणारे सांगत नाहीत.

त्याच मेसेजखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘असल्या माणसाच्या सहीला कायद्यात किंमत नाही, कामं देऊ नका.’ चूक. 1872 च्या करार कायद्याचं कलम 12 सांगतं की एरवी ज्याचं मन ठिकाणावर नसतं, तोही ते ठिकाणावर असताना करार करू शकतो. इथे तर आम्ही उपचार घेऊन वर्षभर ठिकाणावर असतो! आणि विम्याचा एजंट ‘मानसिक आजार बसत नाही’ म्हणाला, तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 21 दाखवा. शारीरिक आजारांच्या बरोबरीनं विमा द्यायचा, असं त्यात आहे.

धारवाडच्या डिम्हान्स या मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात जाऊन यायचं तर दिवस मोडतो. त्या दिवशी मी काम घेतच नाही. तेवढंही जमत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो.