उपकार टाळावेत कसे

कुणाच्या अध्यात ना मध्यात राहून आयुष्य काढायचं ज्याने ठरवलंय, त्याला मार्गदर्शन करणारं हल्ली कुणी उरलेलं नाही. माणसं जोडा, हसून बोला, शेजाऱ्याच्या मदतीला धावा असं सांगणारे मात्र पैशाला पासरी. दुसरी बाजू कुणीतरी मांडायलाच हवी होती.

शहराच्या कडेच्या वसाहतीत तुम्ही घर घेतलंत तेव्हा हेतू अगदी स्वच्छ होता. चार भिंती, एक दार आणि दाराला आतून कडी. व्यवहाराच्या वेळी तुम्हाला क्षेत्रफळ सांगितलं, गाडी लावायची जागा दाखवली, पण एक गोष्ट लपवली. आजूबाजूच्या घरांतही माणसं राहतात आणि त्यातली बरीचशी स्वभावाने चांगली आहेत. आता कागदपत्रांवर सह्या झाल्यात, तेव्हा बचावाचंच बघू.

सुरुवात नेहमी क्षुल्लक असते. तुमच्या दोन्ही हातांत पिशव्या आणि पुढे कुणीतरी लिफ्टचं दार धरून उभं. इथेच सावध व्हा. धावत जाऊन ‘थँक यू’ म्हणालात की ओळख झाली. उद्या तो माणूस विचारणार, “काय, बरं आहे ना?” आणि परवा तुम्हाला खरं उत्तर द्यावंसं वाटणार. त्यापेक्षा पिशव्या खाली ठेवा, फोन कानाला लावा आणि ‘तुम्ही व्हा पुढे’ अशी हातानेच खूण करा. फोन बंद असला तरी चालतो. जिने चढावे लागतील, प्रकृतीला ते चांगलंच.

फोन विसरलात तर घाई आहेच. घाईसारखं हुकमी हत्यार नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी धर्मशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता, तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायचं होतं. त्यातल्या काहींचा विषय होता बायबलमधला तो भला वाटसरू, जो रस्त्यात पडलेल्या जखमी परक्याला उचलतो. वाटेत एक माणूस दारापाशी वाकून खोकत, कण्हत बसलेला, अर्थात मुद्दाम बसवलेला. ज्यांच्या हातात वेळ होता त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ‘तुम्हाला उशीर झालाय’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातले फक्त १० टक्के. भाषणाच्या विषयाने म्हणावा असा फरक पडला नाही. भल्या वाटसरूवर बोलायला निघालेले काही जण त्या माणसाला चक्क ओलांडून गेले. तेव्हा तुमचं मन मऊ असलं तरी खचून जाऊ नका. मनाचं काही करावं लागत नाही, घड्याळ दहा मिनिटं पुढे करून ठेवा.

मदत मागायची वेळ आलीच, तर ती वसाहतीच्या ग्रुपवर मागावी. ‘गाडी सुरू होत नाहीये, कुणाकडे जंपर केबल आहे का?’ दोनशे जण वाचतात. प्रत्येकाला वाटतं, उरलेल्या एकशे नव्व्याण्णवांतलं कुणीतरी गेलंच असणार. चौघं हात जोडलेलं चित्र पाठवतात. एक जण मागच्या महिन्यातला गाड्या लावण्यावरचा वाद पुन्हा उकरून काढतो. कुणीतरी बॅटरीची निगा कशी राखावी यावरचा व्हिडिओ टाकतो, जो खरं तर चांगला असतो. आणि तुम्ही कुणाचे मिंधे न होता टॅक्सीने कामावर जाता.

हे नुसतं माझं निरीक्षण नाही. याच डार्लींनी बिब लाताने यांच्याबरोबर केलेला प्रयोग १९६८ साली प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या विद्यार्थ्यांना इंटरकॉमवर एका सहकाऱ्याला झटका आल्याचा आवाज ऐकवला. ‘हे फक्त मलाच ऐकू येतंय’ असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के तो आवाज थांबायच्या आत मदतीसाठी उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ३१ टक्के. बाकीचे काही दगड नव्हते. बसून राहिलेल्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. दुसरं कुणीतरी उठेल म्हणून ते थांबले होते, एवढंच. दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये ही सोय आयती होते.

पथ्य एकच: कुणा एकाचं नाव घ्यायचं नाही. ‘कुणी येईल का’ याला कुणी येत नाही, पण ‘काका, तुम्ही जरा खाली येता का?’ म्हटलं की काका पायात चपला सरकवून येतातच. वर बॅटरीची टोकंही घासून देतात. मग काकांना संध्याकाळी ‘झालं का हो गाडीचं?’ विचारायचा हक्क मिळतो.

गर्दीवर मात्र आंधळा विश्वास टाकू नका. ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शहरांत भररस्त्यात झालेल्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण रिचर्ड फिलपॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. दहापैकी नऊ ठिकाणी निदान एक तरी बघ्या मध्ये पडला होता. बघे जास्त असले की कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यता वाढत होती. २०१९ सालचं हे संशोधन वसाहतीत फार बोलून दाखवू नये.

अनोळखी माणसं तर याहून बेभरवशाची. त्याच साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. ४० देशांतल्या ३५५ शहरांत संशोधकांनी सतरा हजारांहून जास्त पाकिटं ‘हरवली’. म्हणजे बँका, हॉटेलं, टपाल कचेऱ्या अशा ठिकाणी नेऊन दिली, ‘रस्त्यात सापडलं, मालकाला पोचवा’ असं म्हणून. काहींत पैसे होते, काहींत नव्हते. रिकाम्या पाकिटांच्या मालकांशी ४० टक्के वेळा संपर्क साधला गेला, पैसे असलेल्या पाकिटांच्या मालकांशी ५१ टक्के वेळा. तीन देशांत रक्कम आणखी वाढवून पाहिली, तर हे प्रमाण ७२ टक्क्यांवर गेलं. मुरलेल्या अर्थतज्ज्ञांचे अंदाजही चुकले. यातून तुम्ही काय घ्यायचं? पाकीट हरवायचंच असेल तर रिकामं हरवा. भरलेलं हरवलंत तर कुणीतरी पत्ता शोधत दारात येईल, घाम पुसत उभं राहील, आणि मग त्याला पाणी विचारावं लागेल.

आता मुख्य धोक्याकडे येऊ. मदत करण्याची भीती बाळगणारे लोक चुकीच्या दारावर पहारा देतात. मदत केल्याने माणसाचं फारसं बिघडत नाही. उलट अंतर राखायला ती उत्तम. आयुष्यभर सगळ्यांना देत सुटायचं आणि कुणाकडून काही म्हणून घ्यायचं नाही, अशी माणसं प्रत्येक वसाहतीत एक-दोन असतात. त्यांच्या दारात शिडी मागायला कुणीही जातं, पण त्यांच्या घरी आजारपण आलं तर कुणालाच कळत नाही. माझ्या मते ही मंडळी या क्षेत्रातले उस्ताद. आपला हात सतत वर आणि समोरच्याचा सतत खाली. इतकी सुरक्षित उंची कुठल्याही मजल्यावर मिळत नाही.

खरा घात घेण्यात आहे. बेंजामिन फ्रँकलिनने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की विधिमंडळातल्या एका विरोधकाला वश करण्यासाठी त्याने त्याला काही दिलं नाही, त्याच्याकडे मागितलं. त्याच्या संग्रहातलं एक दुर्मीळ पुस्तक काही दिवसांसाठी हवंय, अशी चिठ्ठी धाडली. पुस्तक आलं, आठवड्याभरात आभाराच्या चिठ्ठीसकट परत गेलं, आणि जो गृहस्थ बोलतही नव्हता तो जन्माचा मित्र झाला. एका पुस्तकाने हे होत असेल, तर तुम्ही शेजाऱ्याची ड्रिल मशीन आणलीत तर काय होईल याचा विचार करा. तो ती कशी धरायची ते दाखवायला स्वतः येईल. भिंतीत भोक तो पाडेल. तुमच्या भिंतीचं ते भोक पुढे जन्मभर त्याचं असेल.

‘मागितलं तरी कोण देतंय’ या समजुतीवर विसंबू नका, ती खोटी आहे. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी २००८ साली हे तपासून पाहिलं. अनोळखी माणसांकडे फोन मागायचा होता आणि तिघांनी तो दिला की काम संपलं. विचारणाऱ्यांचा अंदाज होता, साधारण दहा जणांना विचारावं लागेल. प्रत्यक्षात सहाच्या आसपास पुरले. म्हणजे लोक आपण समजतो त्याहून बरेच जास्त देणारे निघतात. ‘नाही’ म्हणायला त्यांना आपण समजतो त्याहून जास्त लाज वाटते. त्यामुळे नुसतं गंमत म्हणूनही काही मागू नका. मिळेल.

एवढं करूनही पाय घसरतो. अचानक पाऊस येतो, समोरच्या काकू छत्री पुढे करतात आणि तुमच्या तोंडून ‘नको’ निघायच्या आत छत्री तुमच्या डोक्यावर उघडलेली असते. अशा वेळी घाबरून जाऊ नका. यावरचा उतारा नायजेरियातल्या तिव लोकांकडे आहे. लॉरा बोहॅनन ही मानववंशशास्त्रज्ञ त्यांच्यात राहायला गेली तेव्हा शेजारणी तिला काही ना काही आणून द्यायच्या. परतफेड करायची, हे तिला कळलं. पण कशी, तेही शिकावं लागलं: दिलेल्याहून थोडं कमी किंवा थोडं जास्त, तंतोतंत तेवढंच मात्र कधीच नाही. तंतोतंत फेडलं तर त्याचा अर्थ, मला तुमच्याशी यापुढे संबंध ठेवायचा नाही.

काय सुंदर सोय आहे पाहा. तिव लोक जे कटाक्षाने टाळतात तेच तुम्ही कटाक्षाने करा. छत्री वापरलीत? वाळवून, घडी घालून त्याच दिवशी परत. काकूंनी तुमच्या झाडांना चार दिवस पाणी घातलं? काकूंच्या झाडांना चार दिवस पाणी, पाचवा नाही. त्यांनी तुमचं पार्सल सांभाळलं? त्यांचं एक पार्सल सांभाळा आणि दारातच मनातल्या मनात खातं बंद करा. हिशेब थोडासाही शिल्लक ठेवू नका. एकदा का कुणाचं थोडं देणं आणि कुणाचं थोडं येणं राहिलं, की पुन्हा भेटायला निमित्त मिळतं. त्या निमित्तातून ओळख वाढते. काही वर्षांनी कुणाचं किती राहिलंय हे दोन्हीकडे कुणालाच आठवत नाही, आणि त्या अवस्थेला पोचलेल्या दोन घरांना वेगळं करणं माझ्या शास्त्रात तरी बसत नाही. त्यांच्याकडे एकमेकांच्या किल्ल्या असतात.

या पद्धतीचा प्रचार करताना एक उदाहरण देऊ नये, पण लपवाछपवी नको म्हणून देतो. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त गेली. त्यांत बरेच वृद्ध होते, एकटे, बंद दारांमागे. एरिक क्लाइननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने एकमेकांना लागून असलेल्या दोन वस्त्यांची तुलना केली. गरिबी दोन्हीकडे, एकटे राहणारे म्हातारेही दोन्हीकडे. तरी एकीतला मृत्युदर दुसरीच्या जवळपास दहापट होता. जिथे कमी माणसं गेली, तिथल्या रस्त्यांवर वर्दळ होती, दुकानं चालू होती. म्हातारी माणसं खाली उतरायची आणि एखाद दिवशी दिसली नाहीत तर कुणाच्या तरी लक्षात यायचं. दुसरीकडे रस्ते ओस होते. तिथे लोक अगदी या लेखात सांगितलंय तसे राहत होते, फरक इतकाच की त्यांनी ते हौसेने निवडलेलं नव्हतं.

तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची खिडकी दोन दिवस उघडली नाही, तर काय करायचं हे आत्ताच ठरवून ठेवा. ग्रुपवर टाका. कुणा एकाचं नाव न घेता.

सगळे उपाय थकले, काकू आपलेपणाने बोलायला लागल्या आणि काका गाडीचा आवाज ऐकून गॅलरीत येऊ लागले, तर शेवटचा इलाज म्हणजे घर बदलणं. नव्या वसाहतीत कुणी ओळखत नाही, पाटी कोरी. फक्त सामान उतरवायचा दिवस सांभाळा. सोफा दारातून वळत नाही, मजूर दोनच आलेले असतात आणि नेमका त्याच वेळी शेजारचा माणूस बाह्या सरसावत बाहेर येतो. त्याला काहीही सांगा. सोफा बाहेरच ठेवायचाय म्हणा. पावसात भिजलेला सोफा उन्हात वाळतो.