वहीत ज्यांची नावे आहेत, त्यांचे काय?

2023 साली कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना महाराष्ट्रात एकाएकी भाव आला. सरकारी दप्तरांतील जुने रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडले गेले, आणि त्याच ओघात वाड्यांच्या माळ्यांवर पडून असलेल्या खाजगी कागदांचीही चर्चा सुरू झाली. आमच्या कुटुंबातला वाद तेव्हापासूनचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या मूळ घरी खोतीच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करण्याच्या वतनाच्या, काळातल्या कागदांच्या पत्र्याच्या ट्रंका आहेत. घर पाडायचे ठरले आहे, ट्रंकांचे मात्र काहीच ठरत नाही. चुलतभावाच्या मते सनदा तेवढ्या फ्रेम करून भिंतीवर लावाव्यात आणि कीर्द-खतावण्या, म्हणजे हिशेबाच्या वह्या, रद्दीत द्याव्यात. काकांचे म्हणणे असे की, कुळकायद्यात जे जायचे ते गेले, आता घरच्या भानगडी चव्हाट्यावर आणून कोणाच्या हाती कोलीत कशाला द्यायचे! मला दोघांचेही पटत नाही, आणि न पटण्याचे मुख्य कारण मी जिथे राहतो त्या मुलखात आहे.

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यातल्या रॅले-डरहॅम परिसरात आज मराठी माणसांची चांगली वस्ती आहे. याच डरहॅमच्या उत्तरेला स्टॅगव्हिल नावाची जुनी जमीनदारी आहे. रिचर्ड बेनेहन हा मूळचा दुकानदार. त्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे जमिनी जोडल्या. 1803 मध्ये त्याच्या मुलीचे लग्न डंकन कॅमरन या वकिलाशी झाले. हा जावई पुढे न्यायाधीश आणि बँकेचा अध्यक्ष झाला, आणि 1860 पर्यंत त्याचा मुलगा पॉल कॅमरन याच्या काळात ही मिळकत सुमारे 30,000 एकर जमीन आणि सुमारे 900 गुलाम एवढी वाढली. मालकाचे घर पाहून आपल्याकडच्या एखाद्या सुखवस्तू देशमुखाचा वाडासुद्धा मोठा वाटेल. त्यापेक्षा मन गुंतते ते हॉर्टन ग्रोव्ह येथील गुलामांच्या दुमजली घरांपाशी, कारण तिथल्या चुलाण्याच्या धुराड्यांच्या विटांवर, त्या ओल्या असताना त्या थापणाऱ्यांच्या बोटांचे उमटलेले ठसे अजून दिसतात.

या घराण्याची हजारो पत्रे आणि हिशेबाच्या वह्या चॅपल हिल येथील विद्यापीठाच्या दक्षिणी इतिहास संग्रहात आहेत. हा संग्रह 1930 साली जे. जी. डी रूलॅक हॅमिल्टन या प्राध्यापकाने उभा केला. मोटारीने गावोगाव फिरून जमीनदारांच्या घरांतून त्याने इतके कागद गोळा केले की लोक त्याला चेष्टेने ‘लुटारू’ म्हणू लागले. हा गृहस्थ स्वतः जुन्या, गुलामगिरीच्या काळातल्या अमेरिकी दक्षिणेचा कैवारी होता, आणि कागद देणाऱ्या कित्येक घराण्यांनाही आपल्या पूर्वजांचा मोठेपणा जगापुढे यावा असेच वाटत असणार. आज त्याच कागदांवर सर्वांत जास्त आशेने कोण येते, तर त्या जमिनींवर राबलेल्या गुलामांचे वंशज.

त्याचे कारण साधे आणि कठोर आहे. 1860 च्या अमेरिकी जनगणनेत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली, फक्त वय, लिंग आणि वर्ण एवढ्यापुरतीच केली गेली. नाव लिहिण्याचे कारण कोणाला दिसले नाही. मुक्त झालेली ही माणसे सरसकट स्वतःच्या नावाने जनगणनेत येतात ती 1870 मध्ये. त्यामागे जायचे तर मालकाची वही हाच बहुतेक वेळा एकमेव रस्ता उरतो. मूल कोणत्या बाईला कधी झाले, कोणाला कोणत्या शेतावर पाठवले, हे मालकाने लिहून ठेवले ते मालमत्तेची मोजदाद म्हणून. पण हर्बर्ट गटमन या इतिहासकाराने 1970 च्या दशकात बेनेहन-कॅमरन यांच्या जन्मनोंदी लावून पाहिल्या, तेव्हा त्याच याद्यांतून पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली कुटुंबे आणि बापाचे, आजोबाचे नाव मुलाला ठेवण्याची रीत उजेडात आली.

पत्रांचेही तसेच. गव्हाचे आणि कापसाचे भाव, मुकादमाच्या तक्रारी, मुलींचा क्षय, सोयरिकी असा तो सगळा व्यवहार एकाच शाईने लिहिलेला असतो. 1848 मध्ये डंकन कॅमरन आजारी मुलगी मिल्ड्रेड हिच्या उपचारासाठी फिलाडेल्फियाला गेला, तेव्हा बरोबर नेलेली मेरी वॉकर ही दासी तिथून निसटली. तिची आई आणि मुले मागे रॅलेतच राहिली. 1859 साली पीटर लेस्ली या भूगर्भशास्त्रज्ञाने मिल्ड्रेडला पत्र लिहून मेरीची मुले पैसे घेऊन तरी सोडावीत अशी विनवणी केली. मुले सुटली नाहीत. मायलेकरांची भेट झाली ती अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर, 1865 मध्ये. ते पत्र आज वाचायला मिळते, कारण मालकाच्या घराण्याने ते फाडून टाकले नाही. आपल्याला लाज आणील असा कागदही गठ्ठ्यात राहू दिला, एवढे श्रेय मी कॅमरन घराण्याला देतो.

आता घरच्या वादाकडे येतो. खोताचे कूळ म्हणजे कॅरोलायनातला गुलाम नव्हे, आणि दोन्ही एका तराजूत घालणे हा दोघांवरही अन्याय होईल. कूळ विकले जात नव्हते. तरीपण फाळा, मक्ता, वेठ आणि कर्ज यांच्या नोंदींत ज्यांची नावे येतात, त्या घरांकडे स्वतःचे कागद क्वचितच असतात. शिवाय आपल्याकडे कागद हे नुसते साधन नव्हते, शस्त्रही होते. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकरी उठले तेव्हा त्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. कोणता कागद आपला गळा आवळतो आहे, हे त्यांना नेमके कळले होते. म्हणूनच आज तसल्या कागदांची धार गेली असताना ते वाचणे शक्य आहे, आणि काकांना माझे उत्तर हेच आहे. खोती 1949 च्या कायद्याने संपली, 1 एप्रिल 1957 ला कुळे मालक झाली. आपल्या खतावणीवरून आता कोणाची जमीन जाणार नाही. जाईल तर थोडी प्रतिष्ठा जाईल, आणि ती तशीही आमच्या पणजोबांच्या नावावर फार शिल्लक आहे असे गावात विचारल्यास दिसत नाही.

चुलतभावाचा युक्तिवाद मला अधिक घातक वाटतो, कारण तो आपल्या एकूण सवयीतून आलेला आहे. वि. का. राजवाडे यांनी पायपीट करून दप्तरे मिळवली आणि 1898 मध्ये साधनांचा पहिला खंड काढला, तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. हे काम थोरच आहे, पण तेव्हापासून जुना कागद म्हटले की आपण स्वारी, सनद आणि शिक्का शोधतो. अलीकडे त्यात जातीच्या दाखल्याची भर पडली. गड्याला किती शेर भात दिले, कोणत्या विधवेच्या नावावर किती बाकी ओढली, आत्याने माहेरी पत्र लिहून काय मागितले, याला ‘फुटकळ’ म्हणून बाजूला सारले जाते. सनदेची नक्कल सरकारी दप्तरात सापडण्याची शक्यता तरी असते. घरच्या रोजकीर्दीची दुसरी प्रत कुठेच नसते.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. ट्रंका निवड न करता, जशा आहेत तशा, एखाद्या संशोधन संस्थेला द्याव्यात. घरातल्यांची इच्छा असेल तर सनदा मूळ स्वरूपात घरी राहू द्याव्यात आणि त्यांच्या प्रती संस्थेकडे जाव्यात. हयात माणसांना त्रास होईल असा काही कागद निघालाच, तर तो ठरावीक वर्षे बंद ठेवण्याची अट घालावी, पण काढून टाकू नये. सूची करताना मात्र ‘अमुक खोतांचे दप्तर’ एवढ्यावर न भागवता वहीतली कुळांची, गड्यांची आणि बायकांची नावे गाववार नोंदवावीत. चॅपल हिलच्या सूच्यांमध्ये गुलामांची नावे घालण्याचे काम पुष्कळ उशिरा हाती घेतले गेले. आपल्याला ते पहिल्याच दिवशी करता येईल, आणि त्याचा खर्च आम्हा परदेशातल्या भावंडांनी उचलावा, असे मी काकांना कळवले आहे.