खुलासा : मॉर्मन मिशनरी मुलांना पगार मिळत नाही

पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी लावलेल्या दोन तरुणांचा फोटो सध्या फिरतो आहे. हे मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत सुरू झालेल्या एका ख्रिस्ती पंथाचे, धर्मप्रसारक. सोबतचा मजकूर असा : ‘या मुलांना अमेरिकेतून पगार मिळतो, शिवाय माणशी कमिशन; आणि दोन वर्षं घरी बोलायची बंदी असते.’

पगार आणि कमिशनची गोष्ट साफ खोटी आहे. उलट पैसे घरचेच जातात. अमेरिकेतून निघणाऱ्या मिशनरीसाठी जुलै 2020 पासून महिना 500 डॉलर भरावे लागतात, आधी 400 होते. कित्येक मुलं त्यासाठी शाळेपासून पैसे साठवतात. देशही त्यांना निवडता येत नाही. पत्र येतं तेव्हाच कळतं, ब्राझील की जपान. मुलगे 2 वर्षं जातात, मुली दीड.

घरी बोलण्याबद्दल मात्र अर्धं खरं आहे. पूर्वी नाताळ आणि मदर्स डे, असे वर्षाला दोनच फोन होत. बाकी आठवड्याला ईमेल. फेब्रुवारी 2019 पासून दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. तो बहुधा तयारीच्या दिवशी, म्हणजे कपडे धुणं, वाणसामान, केस कापणं उरकायच्या दिवशी.

त्यांच्या धर्मप्रसाराशी मतभेद असू शकतो, माझेही आहेत. पण अठरा-एकोणीस वर्षांचं पोर परक्या भाषेत अडखळत दार वाजवतं, तेव्हा त्याला पगारी एजंट म्हणणं अन्यायाचं आहे. हा मजकूर पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्तीही टाका.