‘ब्लू अलर्ट’ने अमेरिकेतले पोलीस सुरक्षित झाले? फिरत्या मजकुराला उत्तर

‘ब्लू अलर्ट’ कायद्यामुळे अमेरिकेत पोलिसावर कुणी हात टाकला की देशातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर आरोपीचा फोटो जातो, तासाभरात तो सापडतो, त्यामुळे तिथले पोलिसांवरचे हल्ले थांबले. ज्या दोन शहीद पोलिसांच्या नावाने हा कायदा आहे, त्यांचेही प्राण या यंत्रणेने वाचले असते. मग महाराष्ट्रात हे लगेच का सुरू होत नाही? अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरतो आहे. पाठवणाऱ्यांना पोलिसांबद्दल मनापासून कळकळ आहे, आणि ती मलाही आहे. बंदोबस्तात उन्हातान्हात उभ्या असलेल्या माणसावर हल्ला करून कुणी मोकळा फिरता कामा नये. म्हणूनच त्याच्या सुरक्षेच्या नावावर चुकीची माहिती पसरलेली मला बघवत नाही.

आधी तो फोटो. ‘ब्लू अलर्ट’ म्हणजे पोलिसावर हल्ला करणाऱ्याबद्दल लोकांना दिला जाणारा इशारा, आणि तो देशभर एकदम जात नाही. तो राज्यं काढतात. टेक्सासने ही व्यवस्था २००८मध्येच सुरू केली आणि आज तीसहून अधिक राज्यांत ती आहे. मे २०१५च्या केंद्रीय कायद्याने या राज्यांना जोडणारं जाळं उभं केलं. पोलिसाचा मृत्यू किंवा गंभीर दुखापत, कर्तव्यावर असताना बेपत्ता होणं, किंवा पोलिसाला मारण्याची ठोस आणि तातडीची धमकी, अशा प्रसंगांसाठीच तो आहे. धक्काबुक्की झाली म्हणून कुणाचा फोन वाजत नाही. मोबाइलवर जातो तो मजकूर. पूर्वी ९० अक्षरांचा, आता ३६० अक्षरांपर्यंतचा. फार तर सोबत लिंक.

‘तासाभरात सापडतो’ या दाव्याकडे जरा थांबून बघू, कारण तो सगळ्यांत जास्त पटतो. सप्टेंबर २०१६मध्ये न्यूयॉर्कच्या चेल्सी भागात बॉम्बस्फोट झाला. संशयिताचं नाव, वय आणि ‘फोटोसाठी बातम्या पाहा’ एवढाच मजकूर ब्लू अलर्टसारख्याच इशाऱ्याने शहरातल्या लाखो फोनवर गेला. काही तासांत शेजारच्या न्यू जर्सीतल्या लिंडनमध्ये तो सापडलाही. झालं, अलर्टचा विजय म्हणून ही गोष्ट सांगितली जाऊ लागली. प्रत्यक्षात एका बारच्या दारात झोपलेला माणूस बारच्या मालकाने पाहिला, आणि बातम्यांत दिसलेला चेहरा हाच, हे त्याच्या लक्षात आलं. हा मालक मूळचा भारतातला, पंजाबी. त्याने पोलिसांना फोन केला. ओळख पटली ती चेहऱ्यावरून, आणि चेहरा त्या संदेशात नव्हताच.

दुसरं प्रकरण दक्षिण कॅलिफोर्नियातलं, फेब्रुवारी २०१३चं. बडतर्फ झालेला पोलीस अधिकारी ख्रिस्तोफर डॉर्नर पोलिसांवर आणि त्यांच्या कुटुंबीयांवर सूड उगवत सुटला होता. त्याने चार जणांचा जीव घेतला, त्यात दोन पोलीस. ब्लू अलर्ट निघाला, महामार्गांवरच्या फलकांवर इशारे झळकले, दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर झालं. तरी तो सापडायला १२ फेब्रुवारी उजाडली. ज्या जोडप्याला बांधून तो त्यांची गाडी घेऊन पळाला, त्यांनी सुटका करून घेऊन फोन केला, आणि वन्यजीव विभागाच्या रक्षकांनी ती गाडी रस्त्यावर हेरली. मधल्या काळात काय घडलं तेही सांगायला हवं. ७ फेब्रुवारीच्या पहाटे टॉरन्स शहरात वर्तमानपत्रं टाकत फिरणाऱ्या मायलेकींच्या पिकअप ट्रकवर लॉस एंजेलिस पोलिसांनी शंभराच्या आसपास गोळ्या झाडल्या. आई ७१ वर्षांची, मुलगी ४७ची. डॉर्नरची गाडी करड्या रंगाची निसान होती, या दोघींची निळी टोयोटा. दोघी वाचल्या, लॉस एंजेलिस शहराला ४२ लाख डॉलर भरपाई द्यावी लागली. अर्धवट वर्णन हाती असलं की प्रशिक्षित पोलिसांचाही असा घात होतो. तेच वर्णन कोट्यवधी घाबरलेल्या लोकांच्या हाती दिलं, तर त्या वर्णनाशी थोडासा जुळणारा निरपराध माणूस कुणाच्या तावडीत सापडेल याचा विचार करा. पोरं पळवणारी टोळी आल्याच्या एका अफवेवरून २०१८मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. महाराष्ट्राने हे भोगलेलं आहे.

‘हल्ले थांबले’ हा दावा तर सरळ आकड्यांपुढे कोसळतो. एफबीआयच्या नोंदीप्रमाणे कायदा झाला त्या २०१५ साली अमेरिकेत ४१ पोलीस हेतुपुरस्सर मारले गेले, २०२१मध्ये ७३. अलर्टमुळे आकडा वाढला असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला आधार नाही. पण ‘थांबले’ म्हणायला तर त्याहून नाही. अलर्ट निघतो तो बहुतेक वेळा गोळी लागून गेल्यावर.

आता त्या दोन शहिदांबद्दल. कायद्याला नाव आहे रफाएल रामोस आणि वेनजियान लिऊ यांचं. २० डिसेंबर २०१४ला दुपारी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात हे दोघे गस्तीच्या गाडीत बसले असताना एकाने खिडकीजवळ येऊन त्यांना गोळ्या घातल्या. त्याच दिवशी सकाळी त्याने मेरिलँडमध्ये बाल्टिमोरजवळ आपल्या पूर्वीच्या प्रेयसीवर गोळी झाडली होती, तिचा फोन घेऊन तो निघाला होता आणि पोलिसांना मारण्याची भाषा इन्स्टाग्रामवर टाकत होता. बाल्टिमोर काउंटीच्या पोलिसांनी त्या फोनचा माग काढला, तो ब्रुकलिनमध्ये पोहोचल्याचं त्यांना समजलं, त्यांनी न्यूयॉर्क पोलिसांना फोन केला, फॅक्सने त्याचं पत्रक पाठवलं. तो इशारा रस्त्यावरच्या पोलिसांपर्यंत झिरपायच्या आत दोघे गेले होते. मारेकऱ्याने काही मिनिटांत भुयारी रेल्वेच्या फलाटावर स्वतःला संपवलं.

म्हणजे इथे पकडायला कुणी उरलंच नव्हतं. ब्रुकलिनमधल्या सगळ्या नागरिकांचे फोन त्यानंतर एकदम वाजले असते तरी काय साधलं असतं? कमी पडली ती एका खात्याची माहिती दुसऱ्या खात्याच्या गाडीतल्या शिपायापर्यंत पोहोचवणारी साखळी. कायद्यात ‘तातडीची धमकी’ हा निकष आहे, तो याच कारणाने मोलाचा आहे, आणि पोलिसांनी पोलिसांना सावध करण्याचं काम तो करू शकतो. दुर्दैव असं, की व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मजकुरात नेमकं तेच गाळलंय आणि सगळा भर जनतेच्या फोनवर दिलाय.

उरला शेवटचा मुद्दा: ‘नुकसान तर काही नाही, मग करून बघायला काय हरकत?’ नुकसान आहे, आणि ते माणसांच्या जिवावर येऊ शकतं. ४ ऑक्टोबर २०२४ला पहाटे पाचच्या सुमारास अख्ख्या टेक्सासमध्ये फोन किंचाळले. कारण, राज्याच्या उत्तर टोकाला मेम्फिस नावाच्या छोट्या गावात पोलीसप्रमुखांवर गोळीबार झाला होता. तोही काही तास आधी. सातशे-आठशे किलोमीटरवरच्या ह्यूस्टनमध्ये झोपेतून दचकून उठलेला माणूस त्या आरोपीला कुठे शोधणार? केंद्रीय दूरसंचार आयोगाकडे हजारो तक्रारी गेल्या आणि पुष्कळांनी फोनमधले इशारेच बंद करून टाकले. फोनवरच्या सरकारी इशाऱ्यांत हा संदेश जीवघेण्या धोक्याच्या वर्गात येतो. तो वर्ग बंद केला की चक्रीवादळ आणि महापुराचा इशाराही त्याच बटणाने गप्प होतो. पुढे ४ जुलै २०२५ला त्याच टेक्सासात ग्वाडालूप नदीला पूर आला. हवामान सेवेचा इशारा रात्री १ वाजून १४ मिनिटांनी निघाला होता. शंभराहून अधिक माणसं गेली. अशा रात्री फोन वाजणं म्हणजे उठून उंचावर पळायला मिळालेली मिनिटं असतात.

आपल्याला हे वेगळं समजावायला नको. २० जुलै २०२३ला सकाळी महाराष्ट्रात असंख्य फोन एकदम कर्कश वाजले होते, ती दूरसंचार विभागाची चाचणी होती. त्याच्या आदल्याच रात्री रायगडमध्ये इरशाळवाडीवर दरड कोसळली होती. हा आवाज कशासाठी राखून ठेवायचा, याचं याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

शिवाय आपल्याकडच्या हल्ल्यांचं स्वरूप बघा. ऑगस्ट २०१६मध्ये मुंबईत खार इथे हेल्मेटवरून अडवलं म्हणून वाहतूक पोलीस विलास शिंदे यांच्या डोक्यात मारलं गेलं आणि काही दिवसांनी ते गेले. मारणारे सापडायला राज्यभर अलर्ट लागला नाही, ते लवकरच ताब्यात होते. शिंदे यांच्यासारख्या पोलिसाला गरज असते ती अडवलेला माणूस अंगावर आला तर बाजूला दुसरा सहकारी असण्याची, आणि गाडी अडवतानाच ती वाँटेड आहे का हे हातातल्या यंत्रावर कळण्याची.

तरीही अलर्टची मागणी करायचीच असेल तर तिच्यात अटी लिहा. वाहनाचा नंबर पक्का हवा, आरोपी अजून फरार आणि इतरांनाही धोकादायक हवा, इशारा आसपासच्या तालुक्यांपुरता हवा, ‘दिसला तर जवळ जाऊ नका, ११२ला फोन करा’ हे पहिल्या ओळीत हवं. आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या नियंत्रण कक्षांनी एकमेकांना किती मिनिटांत कळवायचं, ते या सगळ्याच्या आधी ठरवायला लावा.