फुकटचं व्हीपीएन आणि गायब झालेला प्रिंटर

सोमवारी सकाळी भाचीचा फोन. "मामा, प्रिंटर दिसंना झालाय. पॅकिंग लिस्ट काढायचीय, गाडी गेटवर उभी आहे." अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात ती एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. त्या भागातल्या बऱ्याच छोट्या कारखान्यांचे कॉम्प्युटर मीच सांभाळतो, म्हणून गेलो. प्रिंटर धडधाकट, राउटर धडधाकट. स्क्रीनच्या कोपऱ्यात मात्र हिरव्या ढालीचं एक चिन्ह. हे काय, विचारलं तर म्हणाली, "पप्पांनी ग्रुपवर पाठवलेलं की."

पप्पा म्हणजे आमचे दाजी. सोलापुरात कुणालाही 'का बे' म्हणता येतं, दाजींना येत नाही. म्हणून लिहून काढतोय.

व्हीपीएन म्हणजे तुमचा सगळा डेटा एका कुलूपबंद बोगद्यातून दुसऱ्याच कुणाच्या तरी सर्व्हरवर नेणारं सॉफ्टवेअर. ती हिरवी ढाल त्याचीच. मेसेज तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हे फुकट व्हीपीएन टाका. साहेबांना आणि आयटीवाल्यांना काहीच दिसत नाही. बँकेचा पासवर्ड चोरीला जात नाही. नेट दुप्पट पळतं. प्रायव्हसी हा सुप्रीम कोर्टानं दिलेला हक्क आहे, कंपनी काही करू शकत नाही. आणि एक रुपयाही खर्च नाही, मग नुकसान काय?

नेट दुप्पट पळतं म्हणे! सोलापुरातल्या सोलापुरात, अशोक चौकातून सात रस्त्याला व्हाया हैदराबाद गेलं की लवकर पोचतो, असं म्हणण्यासारखं आहे हे. तुमचा डेटा आधी सिंगापूर नाहीतर ॲमस्टरडॅमच्या सर्व्हरवर जाणार, तिथून पुढे. प्रिंटर गायब झाला तोही याच भानगडीत. मशीनमधून निघणारं सगळंच बोगद्यात ढकललं, तर चार फुटांवरचा प्रिंटर आणि ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवरची हिशेबाची टॅली सापडणार कशी?

'काहीच दिसत नाही' यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. कुठली साइट उघडली ते राउटरवरून कळत नाही. पण बोगदा उघडलाय, किती वाजता उघडला, किती डेटा गेला, हे सगळं दिसतं. कंपनीनं मशीनमध्येच देखरेखीचं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर ते बोगद्याच्या अलीकडे बसलेलं असतं, त्याला स्क्रीन जशीच्या तशी दिसते. आणि पलीकडच्या तोंडाशी व्हीपीएनवाला बसलाय, त्याचं काय? साहेबांचं निदान नाव-गाव माहीत असतं.

बँकेचं म्हणाल तर बँकेची साइट आणि तुमचा ब्राउझर यांच्यातली देवाणघेवाण आधीच कुलूपबंद असते. मशीनमध्ये टायपिंग टिपणारं काही शिरलं असेल तर व्हीपीएन त्याला अडवत नाही. स्टेशनवरच्या फुकट वायफायवर बसलात तर नीट पैसे मोजून घेतलेल्या व्हीपीएनचा थोडा उपयोग आहे, एवढंच. घरून काम करताना कंपनी स्वतः जे व्हीपीएन देते ते निराळं. ते ऑफिसच्या नेटवर्कमध्ये नेतं, हे बाहेर नेतं.

आता 'एक रुपयाही खर्च नाही'. दाजी, इथं जरा थांबून वाचा.

मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं ९११ एस५ नावाचं जाळं मोडल्याचं जाहीर केलं आणि ते चालवल्याच्या आरोपावरून एका चिनी नागरिकाला अटक झाल्याचं सांगितलं. जवळजवळ २०० देशांत पसरलेले १.९ कोटींहून जास्त आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवर कनेक्शन ओळखायचे नंबर, त्या जाळ्यात होते. ते जमवले कसे? फुकट व्हीपीएन वाटून. मास्क व्हीपीएन, ड्यू व्हीपीएन, पॅलाडिन व्हीपीएन, प्रॉक्सीगेट, शील्ड व्हीपीएन, शाइन व्हीपीएन ही नावं एफबीआयनंच प्रसिद्ध केली. लोकांनी हौसेनं टाकून घेतली आणि सोबत एक चोरदरवाजा आला. मग त्यांचे आयपी पत्ते भाड्यानं दिले गेले. भाडेकरू कोण? फसवणूक करणारे, बॉम्बच्या धमक्या देणारे, लहान मुलांच्या शोषणाचा धंदा करणारे. गुन्हा त्यांचा, पत्ता तुमचा.

हे सोलापुरात आणून बघा. इंटरनेटचं कनेक्शन कारखान्याच्या नावावर. उद्या त्या पत्त्यावरून कुणी भलतं काही केलं तर पोलिस आधी कारखान्याच्या गेटवर येणार. पोलिसांपर्यंत नाही गेलं तरी तो आयपी काळ्या यादीत पडला की परदेशातल्या बायरला पाठवलेले मेल स्पॅममध्ये जायला लागतात. चादर-टॉवेलच्या धंद्यात एक ऑर्डर टिकवायला काय करावं लागतं, हे दाजींना मी सांगायला नको. त्यांची अर्धी हयात लूमवर गेली.

भाचीच्या मशीनवरचं व्हीपीएन एफबीआयच्या यादीतल्या सहांपैकी नव्हतं, हे खरं. पण ते बनवणाऱ्या कंपनीचा पत्ता मी तासभर शोधला, सापडला नाही. आणि टाकताना त्यानं ॲडमिनची, म्हणजे मशीनमध्ये काहीही बदलायची, परवानगी मागितली होती, जी हिनं दिली. छोट्या कारखान्यांत सगळेच ॲडमिन असतात, त्यात माझीही चूक आहे.

राहिला हक्क. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, अगदी बरोबर. आपल्याकडे व्हीपीएन वापरणं हा गुन्हाही नाही. पण मशीन कारखान्याचं आहे. तुमच्या घराला कुलूप लावायचा हक्क आहे म्हणून मालकाच्या गोडाऊनला नवीन दार पाडता येतं का? सरकारी कर्मचाऱ्यांनाही जून २०२२ च्या सायबर सुरक्षेच्या सूचनांमध्ये असली बाहेरची व्हीपीएन वापरू नका, असं सांगितलेलं आहे, कुणा नातेवाइकाला दाखवायचं असेल तर. खासगी काम आहे ना, मग आपला मोबाइल, आपला डेटा पॅक. साहेब त्यात डोकावत नाही.

मशीन फॉरमॅट मारलं. दुसऱ्या मशीनवर बसून तिचे सगळे पासवर्ड बदलले. मालकांना कोण सांगणार, यावर आम्ही मामा-भाची पार्किंगमध्ये दहा मिनिटं उभे होतो. शेवटी तीच गेली. मालक ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "बायरचे मेल याच मशीनवरून गेले का?"

गेले होते. तीन दिवस.