वाया गेला म्हणे!

दुपारपासून डोकं तापलंय. जेवताना भाच्याला हिब्रू पुस्तकं रशियनमध्ये आणणाऱ्या रफाईल नुडेलमन यांच्याबद्दल सांगत होते, तर म्हणतो, "म्हणजे मावशी, एवढं फिजिक्स शिकून माणूस शेवटी भाषांतरं करत बसला? वायाच गेला की."

वाया?

आमची आई अलिबागहून इथे इस्रायलला आली तेव्हा पन्नाशी उलटलेली. हिब्रू बाजारापुरती. एकदा दवाखान्यात रशियन शेजारीण पुस्तक वाचता वाचता खुदकन हसली. आईने मला कोपर मारलं. "काय वाचतेय गं ती?" इस्रायली लेखक मेईर शालेवची कादंबरी. हिब्रूतली, पण शेजारणीच्या हातात रशियन. अनुवाद नुडेलमन आणि त्यांची पत्नी अल्ला फुर्मान यांचा. ते नाव मी तिथे पहिल्यांदा वाचलं.

हा माणूस १९३१ साली रशियातल्या स्वेर्दलोव्स्कमध्ये जन्मला. सैद्धांतिक भौतिकशास्त्र केलं, शिवाय विज्ञानकथांची समीक्षा. 'सोव्हिएत संघातले यहुदी' हे नियतकालिक १९७२ मध्ये वोरोनेल या दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने सुरू केलं, चोरून हातोहात फिरायचं. त्याच्या संपादनात नुडेलमन होते. सापडलं तर नोकरी जायची, तुरुंगही दिसायचा. सत्तरच्या दशकात इस्रायलला आले आणि १९७८ पासून '२२' या रशियन नियतकालिकाचं संपादन केलं. हे सगळं करणारा माणूस वाया गेलेला?

शालेवची ती कादंबरी रशियाकडून आलेल्या, इथल्या यिज्रेल खोऱ्यात शेती करणाऱ्या लोकांची. मी हिब्रूतून वाचून दर शुक्रवारी आईला मराठीत सांगायचे. दलदलीचं आलं की म्हणायची, "म्हणजे आपल्या खारजमिनीसारखंच की! बांध कोण घालतं त्यांच्यात?" वीस वर्षं ज्या देशात राहिली, तिथल्या माणसांबद्दल तिने पहिल्यांदा काही विचारलं होतं.

शेजारणीला तेच कुणाला न विचारता, एकटीने, खुर्चीत बसून मिळालं. हे काम फिजिक्सपेक्षा हलकं कसं, ते मला कुणीतरी समजावून सांगा.

हो, रशियन बोलणारे लाखोंनी आले, आम्ही मराठीवाले मूठभर. मराठीत कोण छापणार, हे प्रकाशकाचं गणित कळतं. पटत नाही.

भाचा वाईट नाही. इथेच जन्मला, मराठी समजतं, बोलायला लाजतो. आजीचे ते शुक्रवार त्याला कुणी सांगितलेच नाहीत, मीही नाही.

बाळा, येत्या शुक्रवारी जेवायला ये. आजीला सांगायचे ते पहिल्या पानापासून सांगते. मराठीत.